मी छापलेली पत्रिका आणि दुकानात आलेलं वऱ्हाड

मंडळी, आज सकाळी माझ्या दुकानात अख्खं वऱ्हाड आलं. नवरदेवासकट!

मूल गावात माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. पोंभुर्ण्याजवळच्या खेड्यातल्या एका भाऊंनी मोठ्या मुलीची लग्नपत्रिका माझ्याकडून छापून घेतली. मंडपाचा रस्ता दाखवणारा क्यूआर कोड मीच हौसेनं टाकून दिला.

आज दहाच्या सुमारास दारात गडचिरोलीच्या गाड्या थांबल्या. फेटा सावरत नवरदेव उतरला.

"ताई, मंडप कुठी आहे? ड्रायव्हरनं पत्रिका स्कॅन केली, आमी डोळे मिटून आलो."

मी कोड स्कॅन केला आणि कपाळावर हात मारला. दुकानात बसून बनवताना मी दुकानाचंच लोकेशन टाकलं होतं! खाली गावाचं नाव ठळक अक्षरात होतं. पण सांगा, पत्रिकेवरचा पत्ता तुमच्यापैकी तरी कोण वाचतं?

शटर ओढलं, स्कूटी काढली. पुढे मी, मागे वऱ्हाड. लग्नाची बुद्धवंदना सुरू व्हायच्या आत पोचलो एकदाचे.

भाऊंची माफी मागायला गेले, तर ते हसतच सुटले.

"जेवून जाजो, बाई. धाकटीच्या पत्रिका बी तूच छापजो. पण कोड बनवाले आमच्या आंगणात येजो!"