त्रिकोणांचं टेबल

बावीस वर्षं ग्लेनिस हेबडन त्रिकोणांच्या टेबलाशी बसली! इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या एका प्राथमिक शाळेत ती बाईंची मदतनीस. हुशार पोरं एका टेबलावर, कच्ची दुसऱ्यावर. पण कुणाला वाईट वाटायला नको, म्हणून टेबलांना नंबर नाहीत, आकारांची नावं: षट्कोन, पंचकोन, चौकोन, त्रिकोण. काय डोकं चालवलं होतं! सात वर्षांची पोरं पहिल्याच दिवशी ओळखायची, जितके कोपरे जास्त तितकी अक्कल जास्त. ग्लेनिस स्वतः लहानपणी शेवटच्याच टेबलावर बसलेली, त्यामुळे तिला हे फार झोंबायचं.

यंदा वर्गावर मिस रोवेना नवीन आल्या. चहाच्या सुट्टीत ग्लेनिसने त्यांना गाठलंच. "बाई, एकदा पोरं मिसळून तर बसवा!"

"आणि हेडबाई?"

"त्यांच्याशी मी बोलते की!"

हेडबाईंनी महिन्याची मुदत दिली. "शेवटच्या शुक्रवारी येऊन बघेन. पोरं मागे पडली असली तर टेबलं पुन्हा पहिल्यासारखी."

तो शुक्रवार उजाडला. टेबलाटेबलावर वेगवेगळ्या आकारांचे रंगीत ठोकळे, फळ्यावर प्रश्न: त्रिकोण हा षट्कोनाचा कितवा भाग? हेडबाई दारात उभ्या, आणि नेमका एडमंड, पूर्वीचा षट्कोनवाला, म्हणतो, "एक छेद तीन."

"अरे शहाण्या, मांडून तरी बघ!"

कोण बोललं? टॅम्सिन! त्रिकोणांच्या टेबलावर कधी तोंड न उघडणारी टॅम्सिन! पिवळ्या षट्कोनावर ती पटापट हिरवे त्रिकोण ठेवत सुटली. "चार, पाच, सहा! बघ, सहा बसले. म्हणजे एक छेद सहा!"

"आयला, खरंच की!" एडमंड ओरडला. ग्लेनिसला तर नाचावंसं वाटलं.

हेडबाई पुढे आल्या. "शाब्बास गं! तू कुठल्या टेबलाची?"

ग्लेनिसला वाटलं, आता पोर 'त्रिकोण' म्हणणार. टॅम्सिनने मात्र गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. "खिडकीजवळच्या."

हेडबाईंनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. मग मिस रोवेनांना म्हणाल्या, "राहू देत टेबलं अशीच."

ग्लेनिसने नाक शिंकरायला रुमाल काढला.

"मिस, आणि तुम्ही लहानपणी कुठल्या टेबलावर होता?" टॅम्सिनने ग्लेनिसला विचारलं.

हा प्रश्न ग्लेनिस आयुष्यभर टाळत आली होती.

"मी होय? दाराजवळच्या," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून एडमंडशेजारी बसली.