आईचं गोंदण आणि हानाबाईंचा हात

दुबईला निघण्यापूर्वी मी आईसाठी लांब बाह्यांचे दोन ब्लाउज शिवून घेतले. हातावरचं गोंदण परदेशात कशाला मिरवायचं, हा माझा शहाणपणा. आई ‘बरं’ म्हणाली आणि डिस्कव्हरी गार्डन्समधल्या बहिणीच्या घरी पोचताच उकाड्याचं निमित्त करून जुनाच ब्लाउज घालून बसली.

मंदीत भावजींची नोकरी गेली होती, तरी ही मंडळी इथे तग धरून राहिली. आता त्यांची ईरा बारा वर्षांची आहे. शनिवारी तीच आम्हाला खाडीवर घेऊन गेली. “आजी, यल्ला, चल!” म्हणत तिनं आईला अब्रात (लाकडी होडीत) ओढलं. पलीकडे करक (वेलचीचा दाट चहा) प्यायलो. अर्धा माझ्या कुर्त्यावर सांडला. तो धुवायला समोरच्या छोट्या संग्रहालयात शिरलो.

आत नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं प्रदर्शन होतं आणि नव्वदी ओलांडलेल्या हानाबाई इंग्रजीत बोलत होत्या. हंगेरीतल्या गावी वडिलांचं टोप्यांचं दुकान. तेराव्या वर्षी मालगाडीतून छळछावणीत. घरातल्या त्या एकट्याच वाचल्या. पुढे इस्रायलमध्ये चाळीस वर्षं नर्स. आवाज कुठे हलला नाही. शेवटी त्यांनी बाही वर केली. हातावर नंबर गोंदलेला होता.

आईला इंग्रजी येत नाही. ती सरळ पुढे गेली आणि आपला हात त्यांच्या हाताशेजारी धरला.

“अगंबाई, तुमचंही? जत्रेत गोंदलंत का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आजी, नो! कॅम्पमध्ये फोर्सनं केलंय ते,” ईरा म्हणाली.

आईचा चेहरा उतरला, पण तिनं हात काढला नाही. “मेल्यांनी बळजबरी केली. तरी गोंदण ते गोंदणच. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत वर येतं. सांग त्यांना.”

मी ईराला डोळ्यांनी नको म्हणत होते. तिनं सांगून टाकलं.

हानाबाईंनी आपल्या नंबरावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “रांगेत धाकटी बहीण माझ्या मागे होती. तिचा नंबर माझ्यानंतरचाच. फोटो एकही उरला नाही. आता मला तिचा चेहराही आठवत नाही.”

ईरानं ते आईला सांगितलं.

“मग नंबरावरून ओळखेल की ती तुम्हाला,” आई म्हणाली.

ईरानं हेही सांगताच हानाबाईंनी आईचा हात घट्ट धरला. आम्ही निघालो तेव्हाही त्यांनी बाही खाली केली नव्हती.

परतीच्या विमानात आईला झोप लागली. मी तिचा हात अलगद माझ्याकडे वळवून पाहिला. तुळशीवृंदावन होतं, शेजारी दोन पावलं. इतकी वर्षं मी ते झाकायला सांगत होते आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं.