सुटकेच्या खिडकीला ग्रिल

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला मास्टर्स करायला आम्ही आलो तेव्हा मुलांची इतकी झुंबड होती की युनीजवळ खोली मिळणं म्हणजे लग्न जमण्यापेक्षा अवघड. आम्हा तिघांना मिळालं ते तळघर. दार एकच, जिन्याने वर घरमालकाच्या स्वयंपाकघरात निघणारं. आणि छताजवळ, बागेच्या जमिनीला टेकलेली एक ऐसपैस खिडकी.

घरमालक म्हणजे पोलादाच्या कारखान्यातून रिटायर झालेला, कमी बोलणारा म्हातारा. खिडकीबद्दल पहिल्याच दिवशी त्याने काहीतरी सांगितलं होतं. मी तेव्हा फ्रीजमध्ये आपल्या वाट्याला किती कप्पे येणार, याचा अंदाज घेत होतो.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर खोली दाखवली. पुण्याला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या झरोक्यालाही ग्रिल आहे.

"जमिनीला लागून खिडकी आणि ग्रिल नाही? इंजिनिअर ना तू?"

झालं. दोन गल्ल्या पलीकडे कुणीतरी जुनं सामान फुटपाथवर काढून ठेवलं होतं, त्यात आडव्या गजांचं एक दणकट ग्रिल होतं. कोल्हापूरकर रूममेटने आणि मी ते वरातीसारखं मिरवत आणलं. वर मी अक्कल लढवली: चोराला काढता येऊ नयेत म्हणून एकदा बसले की उलटे फिरतच नाहीत असे स्क्रू आणले. आठ. फोटो बाबांना पाठवला. "शाब्बास," आलं.

सोमवारी म्हातारा गवत कापायला मागे गेला आणि मशीन बंद करून तसाच खाली आला.

"मेट, हे काय आहे?"

"सिक्युरिटी," मी म्हणालो, छाती काढून.

त्याने जिन्याकडे बोट केलं. "वर किचनला आग लागली, तर कुठून बाहेर पडशील?"

मी खिडकीकडे बघितलं. खिडकीने गजांआडून माझ्याकडे बघितलं.

"शनिवारपर्यंत हे काढ. शनिवारी दार बंद ठेवून तिघांनी खिडकीतून बाहेर येऊन दाखवायचं. एकालाही जमलं नाही, तर तिघांनी दुसरी खोली बघा."

दुसरी खोली नव्हतीच. आणि ते उलटे न फिरणारे स्क्रू खरोखरच उलटे फिरत नव्हते. "भावा, चोर नाही, तूच अडकलास," कोल्हापूरकर म्हणाला. कानस घेऊन मी एकेका स्क्रूच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हर उलटा फिरवता येईल अशी खाच पाडायला बसलो. लेक्चरहून आलो की कानस. गुरुवारी आठवा निघाला. हाताला फोड आले. ते लॅबमध्ये आले असं मी सगळ्यांना सांगितलं.

मग सराव. कोल्हापूरकर माकडासारखा गेला, तिसरा रूममेट नागपूरकर त्याच्यामागून. मी उंचीने बेताचा, वजनाने सढळ. खुर्चीवर चढलो, चौकटीला लोंबकळलो, आणि तसाच राहिलो.

"अबे, बाहेर येऊन राहिला का वाळत घातलाय तुला?" नागपूरकर बाहेरून ओरडला.

शुक्रवारी अकरा वेळा पडलो. बाराव्यांदा खुर्चीच मोडली. दोघांनी तुकडे गोळा केले. माझ्या पोटापायी त्यांची खोली जाणार होती. जमिनीवर बसल्या बसल्या भिंतीला टेकवलेलं ग्रिल दिसलं. आडवे गज. एकावर एक, हाताच्या अंतरावर. मी उठलो आणि दुकान बंद व्हायच्या आत तेच स्क्रू पुन्हा आणले.

शनिवारी म्हातारा बागेत हाताची घडी घालून उभा. दोघं बाहेर पडले. मी खिडकीखाली भिंतीला पक्क्या केलेल्या ग्रिलवर पाय ठेवला, एक गज, दुसरा, तिसरा, आणि पोटासकट बाहेर, थेट त्याच्या पुदिन्यात.

"आता डोळे मिटून," तो म्हणाला. "धुरात दिसत नाही."

पुन्हा खाली. डोळे मिटले, चाचपडत पहिला गज शोधला. पुदिन्याचा वास आला तेव्हा डोळे उघडले.

तो खिडकीतून वाकला, वरच्या गजाला हात घालून दोनदा हिसडा दिला. "हे निघणार नाही ना?"

"कोणाच्या बापाला काढता येणार नाही."

"नो वरीज," म्हणून तो गवत कापायला गेला. रविवारी बाबांनी विचारलं, ग्रिल आहे ना जागेवर? म्हटलं, आहे, रोज चढून बघतो.