आधी खोड सांगा, मग मोटार विका

आवडाबाई भोईर जन्मात कधी मोटार चालवायला शिकल्या नाहीत. तरीही पुढे कित्येक वर्षं कळव्यात कुणी जुनी मोटार घ्यायला निघाला, की आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. "आवडाबाय, चला जरा ठाण्याला." आणि त्या जायच्या. पण ही पारख त्यांना आईच्या पोटातून मिळाली नव्हती. एकदा चांगली जन्माची फसगत झाली, तेव्हा कुठे ती आली.

गोष्ट एकोणीसशे त्रेपन्नची. आवडाबाई तेव्हा पन्नाशीच्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. खाडीकाठच्या मिठागरात त्यांचं आयुष्य गेलेलं. मिठाचा खडा जिभेवर टेकवून कुठल्या आगरातलं मीठ ते त्या सांगत, आणि त्यावर कुणी वाद घालत नसे. दुसरी ख्याती बैलांची. भाताच्या शेतीसाठी सगळ्या भावकीचे बैल त्यांच्याच नजरेखालून जात. शिंगं, खूर, भोवरे, चाल सगळं बघून झालं, की शेवटी त्या विकणाऱ्याला म्हणायच्या, "आता पाठीवर हात ठेव, आन् खोड सांग." बाजारात असा हात ठेवून खोटं बोललेल्या माणसाशी पुन्हा कुणी व्यवहार करत नसे. आवडाबाईंना वाटे, जगात सगळीकडे असंच असतं.

त्यांचा मुलगा महिपत लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत ट्रक चालवायला शिकलेला. लढाई संपली, नोकरी गेली, आणि हा पोरगा पुन्हा मिठाच्या पाट्या वाहू लागला. सात-आठ वर्षं वाहत होता. आणि एक दिवस, कुणाचाही विश्वास बसेना असं, ठाणे ते शीळफाटा टॅक्सीचं परमिट त्याच्या नावावर मंजूर झालं. अट एकच. महिन्याभरात मोटार आणून पास करून घ्यायची. नाही घेतली, तर परमिट पुढच्या अर्जदाराला.

"आये, परत असा चानस नय येयाचा," महिपत म्हणाला.

तेही खोटं नव्हतं. आवडाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्याबरोबर खाडीचा पूल ओलांडला.

टेंभी नाक्याच्या पुढे रघुशेट नावाचा एक दलाल जुन्या मोटारी विकायचा. तोंडात साखर, कपाळाला गंध. त्याने एक निळी मोटार पुढे काढली. काय तिचा तो रंग! लग्नातल्या शालूसारखी झळकत होती. महिपत चाकामागे बसला आणि तिथेच विरघळला. त्याला मोटार चालवता येत होती, घेता येत नव्हती. या दोन विद्या वेगळ्या आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आवडाबाईंनी मात्र रीतसर पाहणी केली. मोटारीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चाकं दाबून पाहिली, सपाट रस्त्यावर चालवून घेतली. न कुरकुरता चालली. शेवटी त्या म्हणाल्या, "शेट, हिच्यावर हात ठेवा. खोड सांगा."

रघुशेटने टपावर हात ठेवला. हसत हसत ठेवला. "आवडाबाई, देवाशपथ, खोड म्हणाल तर एकही नाही."

झालं. बाईंनी मान डोलावली. इंग्रजीत टाईप केलेल्या कागदावर महिपतने सही केली, तीही न वाचता. वाचणार कसा? कागद इंग्रजीत का, हे तरी विचारायचं; तेही दोघांपैकी कुणाला सुचलं नाही.

मुंब्र्याच्या पहिल्याच चढावर मोटारीने मान टाकली. आधी घरघर, मग जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. सहा जणांनी ढकलत ती कळव्याला धाकू मिस्त्रीच्या दारात आणली. धाकू पूर्वी गिरणीत फिटर होता, बोलायला तिखट, हाताला सोनं. त्याने गिअर-बॉक्सचं तेल परातीत काढलं. तेलात लाकडाचा भुसा.

"हे बघ," तो महिपतला म्हणाला. "दाते झिजले की आवाज करतात. भुसा घातला की आठ दिवस गप्प राहतात. म्हाताऱ्याच्या तोंडात पान कोंबावं तसं. लष्करात काय शिकवलं रे तुला, भोंगा वाजवायला?"

मग त्याने पायाखालची चटई उचलली. खालच्या पत्र्याला नुसता रंग होता, पत्रा नव्हताच. बोट लावलं की आरपार. गंजाच्या कडेला पांढरट पापुद्रा धरला होता. आवडाबाई वाकल्या, नखाने तो खरवडला आणि जिभेवर ठेवला.

मग पुन्हा एकदा खरवडून चाखला.

"खाडीचा मीठ हाय," त्या म्हणाल्या. "ही गाडी भरतीत बुडालेली. येक दोन रोज नय, चांगली मुरलेली. माजा सारा जल्म मिठात गेला, आन् मी चटई नय उचलली."

पासिंगला अकरा दिवस उरले होते. महिपत डोकं धरून बसला. धाकूने साफ सांगितलं, की ही दुरुस्त करायची म्हणजे नवी बांधायची, आणि अकरा दिवसांत ते ब्रह्मदेवालाही जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई एकट्याच रघुशेटच्या दारात हजर. रघुशेटने कागद पुढे केला. "सही आहे मुलाची. आता माझा संबंध संपला."

"तुमी हात ठेवलेला."

"हात?" रघुशेट हसला. "बाई, तो बैलबाजार, हा मोटारीचा धंदा."

आवडाबाई उठल्या नाहीत. दुकानाच्या पायरीवर बसल्या. दुपारी फडक्यातली भाकर सोडून जेवल्या, पाणी मागितलं तेही रघुशेटकडेच. कुणी विचारलं, "बाई, कशाला बसलात?" तर सांगायच्या, "बैल परत देयाला." आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. रघुशेटला शिव्या परवडल्या असत्या. त्यांना उत्तर देता येतं.

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. चष्मा, हातात बॅग, चालण्यात घाई. डॉक्टर सुमती गुप्ते, ठाण्यातच दवाखाना चालवायच्या. त्यांना बाळंतपणांना जायला मोटार हवी होती. रघुशेटने हिरवी मोटार दाखवली. डॉक्टरीणबाई दार उघडून आत बसणार, तोच पायरीवरून आवाज आला.

"बाय, बसू नको. चटई उचल पयली."

"लक्ष देऊ नका, डॉक्टर," रघुशेट म्हणाला, "तिचं डोकं जरा..."

"डोक्याचं मी बघते, तो माझा धंदा आहे," सुमतीबाई म्हणाल्या आणि चटई उचलली. खाली ताज्या रंगाचा थर. चष्मा सारखा करून त्यांनी छत्रीचं टोक टेकवलं. टोक आत गेलं.

मग त्यांनी आवडाबाईंची सगळी हकिगत ऐकली, कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्याने मराठीत वाचून दाखवला. गाडी आहे त्या स्थितीत, पूर्ण पारखून घेतली आहे, पुढे कसलीही तक्रार करणार नाही. "आवडाबाई, खरं सांगते, कोर्टात यावर काही होणार नाही. तुम्ही सही करून बसलात."

"मी कोडतात कशाला जाव? हितं बरी हाय. सावली हाय."

डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या आणि निघून गेल्या. मोटार न घेता. त्या आठवड्यात रघुशेटच्या दारातून असं तिसरं गिऱ्हाईक परत गेलं होतं.

संध्याकाळी तो स्वतः पायरीवर येऊन बसला. "बाई, काय हवंय तुम्हाला?"

"गाडी. चालनारी."

मागच्या आवारात एक काळी मोटार होती. रंग उडालेला, एक दिवा फुटलेला. इतकी कुरूप, की रंगवायचीही कुणाला इच्छा झाली नव्हती. रघुशेट म्हणाला, निळीच्या बदल्यात ही घ्या. आईला न्यायला आलेल्या महिपतचं तोंड उतरलं. आवडाबाईंचं उजळलं. जिला रंगच फासला नाही, तिच्यात झाकलं काय असणार?

"खोड सांगा."

"नाही हो काही. दिसायला जरा..."

त्या उठून पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या. "बिनखोडीचा बैल म्या आजून पायला नय. कागदावर लिवा. मराठीत. मंग बगू."

आणखी तीन दिवस गेले, तेव्हा कुठे रघुशेटने लिहिलं. उजवा दिवा नाही. मागचं दार आतूनच उघडतं. हँडब्रेक सैल. थंडीत पहिल्या दमात सुरू होत नाही. असं करत पाच खोडी भरल्या. कळव्याहून बोलावलेल्या धाकूने तेल फडक्यातून गाळून पाहिलं, भुसा नव्हता. चटईखालचा पत्रा ठोकून पाहिला, वाजला. सहावी खोड त्यानेच काढली, रेडिएटर गळत होता. तीही लिहून घेतली. आणि सही? ती मुंब्र्याचा चढ दोनदा चढून आल्यावर.

चार दिवस उरले होते. धाकूने दिवा बसवला, रेडिएटर झाळला, हँडब्रेक ओढून घेतला. शेवटच्या दिवशी महिपत पासिंगला उभा राहिला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. इन्स्पेक्टरने मोटारीकडे नाक मुरडून पाहिलं. त्याने ब्रेक मारून पाहिले, दिवे लावून पाहिले, आडवा होऊन खाली पाहिलं. मग खिशातून पेन काढलं.

"रंग द्या तिला. लोक बसायला भितील." आणि सही केली.

महिपत धावतच आला. "आये, चल! बस पुढं. शीळफाट्यापर्यंत नेतो तुना."

पण ठाणे स्टेशनबाहेर गाडी थांबवतो न थांबवतो, तोच शीळला लग्नाला निघालेली चार माणसं तिच्याभोवती गोळा झाली. एकाने तर गाठोडं आतही टाकलं. महिपत आईकडे बघू लागला. जागा चारच, माणसं चार.

आवडाबाई खाली उतरल्या. "बगतोस काय? धंद्याला आयलास का आयेला फिरवाला? जा. चढावर जपून."

मोटार धूर सोडत निघाली. आवडाबाईंनी बरोबर आणलेली टोपली डोक्यावर घेतली आणि पायीच पुलाच्या दिशेने चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी आगरात मीठ ओढायचं होतं.