लवादाच्या घरातला इन्व्हर्टर

"आप उधर बैठिए," लवादसाहेब म्हणाले, आणि बोट चपलांच्या रॅककडे केलं.

तिथं प्लास्टिकची खुर्ची होती. समोरचे सोफे इतके खोल, की थंडीत बसलेला माणूस उन्हाळ्यातच वर यावा. त्यांत बिल्डर बसला, त्याचा वकील बसला, वकिलाची बॅगसुद्धा ऐसपैस बसली. माझा वकील दिवाणाच्या कडेला टेकला. दाद मागणारा मी, आणि मी चपलांशेजारी.

भांडण घराचं. निवृत्त झालो की दिल्लीतलं, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर जाणार, म्हणून फरीदाबादला फ्लॅट घेतला. किल्ली घ्यायला गेलो तर बिल्डरनं मधाळ आवाजात विचारलं, "गृहप्रवेश के लिए अपने पंडितजी भेज दूँ?"

म्हटलं, "नहीं जी, हमारे यहाँ बुद्धवंदना होती है."

पुढे आलेला हात थांबला. किल्ली अर्ध्या वाटेवरून ड्रॉवरमध्ये परत. मग निरोप आला: बुकिंग रद्द, बाकीच्या रहिवाशांना अडचण आहे. त्या दिवसांत सगळा देश उघडला होता म्हणे. परदेशी कंपन्यांना दारं सताड. माझ्याच फ्लॅटला कुलूप.

करारात लिहिलेलं, भांडण लवादानं सोडवायचं. कोर्टानं लवाद नेमला. निवृत्त जज. सुनावणी त्यांच्याच बंगल्यात. पहिल्या तारखेलाच त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "मैं दोनों पार्टियों में किसी को नहीं जानता." मी विश्वास ठेवला. जज माणूस!

आज ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम लोगों को सरकार नौकरी देती है, क्वार्टर देती है. अब फ्लैट भी चाहिए?"

सोफे हसले. मी मान खाली घातली. उभा जन्म दिल्लीत काढला, साहेबलोकांच्या विनोदावर खाली कसं जायचं ते मानेला पाठ होतं.

तेवढ्यात लाईट गेली.

असला काळोख, की स्वतःचं नाकही चाचपून शोधावं लागेल. माझ्या क्वार्टरमध्ये लाईट गेली तर मला अजून मोरी सापडत नाही. आणि बिल्डर उठला. त्याची पावलं ऐकू येत होती, कुठंही धडकली नाहीत. डायनिंग टेबलाला वळसा घालून, दोन पायऱ्या उतरून सरळ जिन्याखाली. तिथून त्यानं लवादसाहेबांच्या बायकोला हाक मारली,

"भाभीजी, बैटरी में पानी डलवाया कि नहीं? पिछली बार बोलकर गया था!"

इन्व्हर्टरचा खटका वाजला. उजेड पडला. सगळ्यांचे चेहरे दिसले. लवादसाहेबांचा सर्वांत स्वच्छ दिसला.

मी उभा राहिलो.

"साहब, आप इनको जानते हैं. मुझे आपके सामने केस नहीं चलाना."

"तुम्हें पता है, किससे बात कर रहे हो?"

"जी. अभी-अभी पता चला."

माझ्या वकिलानं मला शर्टाला धरून खाली ओढलं. बाहेर आल्यावर कायदा सांगितला. लवादावर हरकत घेता येते. पण त्या हरकतीचा निर्णय कोण करणार? तोच लवाद! म्हणजे मांजराविरुद्धची तक्रार मांजरापुढे, आणि दुधाचं पातेलं त्याच्याच पुढ्यात.

तरी हरकत दिली. पुढच्या तारखेला त्यांनी ती मिटक्या मारत वाचली.

"नामंज़ूर. बिजली सबके घर जाती है. आगे चलिए."

निकाल लागेपर्यंत कोर्टात जाता येत नाही. निकाल हाच देणार. क्वार्टर सोडायची वेळ जवळ येतेय. वकील म्हणतो, "भाईसाहब, माफ़ी माँग लीजिए, कुछ तो दे देंगे."

बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "अहो, निकाल विरुद्ध गेला तर?"

"जाणारच आहे."

"मग जाता कशाला तिथं?"

"गेलो नाही तर तो लिहील, याला काही म्हणायचं नव्हतं."

तिनं लाटणं थांबवलं. "मग जा. आणि मोठ्यानं बोला. इथं बोलता तसं."

जाणार. प्रत्येक तारखेला. पहिलं वाक्य तेच: हा माणूस माझा न्याय करू शकत नाही, लिहून घ्या. तो नामंजूर करील, मी पुन्हा म्हणेन. क्वार्टर गेलं तर मुनिरक्यात, भाड्यानं राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत एक खोली घेऊ. निकाल लागला की त्याच दिवशी कोर्टात त्याला आव्हान देईन. माफी मागणार नाही. माझ्या गप्प बसण्याला होकार म्हणायची सोय मी त्याला ठेवणार नाही.