उन्हात वाळवलेलं लिंबू

माझ्या दोन्ही हातांच्या पाठीवर अजून काळपट डाग आहेत. कुणी त्यांच्याबद्दल विचारलं की मला आजही राग येतो. विचारणाऱ्याचा नाही, आणि लिंबाचाही नाही, कारण लिंबाचं काही चुकलं नव्हतं. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी दोन-तीन वर्षं मी ग्वाल्हेरला, संस्थानच्या एका कचेरीत नकाशे छापायच्या कामावर होतो. छापायचे ते उन्हाने. अंधाऱ्या खोलीत कागदाला रसायनांचा मसाला लावायचा, तो वाळला की त्यावर मूळ नकाशा ठेवायचा, वर काच बसवायची आणि ती चौकट गच्चीवर नेऊन उन्हाकडे तोंड करून उभी करायची. ऊन लागलेला कागद धुतल्यावर निळा होतो आणि नकाशाच्या रेघांखालचा तेवढा पांढरा राहतो. ऊन किती द्यायचं ते मी तोंडाने आकडे मोजून ठरवत असे. कागद बिघडला की साहेब खुलासा मागायचे.

संध्याकाळपर्यंत माझे हात मनगटापर्यंत निळे होत. दुसऱ्या कुणाच्या घरी यावर हसले असते. आमचं घराणं दक्षिणेतून एका सरदाराबरोबर पूजाअर्चेसाठी आलेलं. सरदारी केव्हाच आटली. माधवगंजातलं दत्ताचं एक लहानसं देऊळ उरलं होतं आणि त्याची पूजा वडिलांकडे होती. त्यांचे गुडघे आता साथ देत नव्हते. त्यांच्यामागे पूजा माझ्याकडे येणार हे घरात धरून चाललेलं होतं, आणि मला ती मनापासून हवी होती. लोकांना वाटायचं, पगार मिळतोय, याला कशाला हवी घंटा. पण आठव्या वर्षापासून रोज पहाटे त्या देवळात मी गंध उगाळत आलो होतो. ते स्वतःच्या हाताने मूर्तीला लावायला मिळेल त्या दिवसाची मी वाट बघत होतो.

वडिलांच्या लेखी निळा रंग म्हणजे विटाळ. निळीचं कापड सोवळ्यात चालत नाही, मग निळे हात पानावर कसे चालणार? ही झाडाची नीळ नव्हे, लोखंडाचा क्षार आहे, असं मी त्यांना दहादा सांगितलं. ते म्हणाले, निळं ते निळं. तोडगाही त्यांनीच काढून दिला. आधी धुण्याचा सोडा चोळायचा, म्हणजे निळा डाग पिवळा पडतो. मग त्यावर लिंबाची फोड सालीसकट घासायची आणि तो रस हातावरच वाळू द्यायचा, कारण वाळल्याशिवाय डागही सुटत नाही आणि शुद्धीही होत नाही. मी नई सडकेवरून रोज चार कागदी लिंबं घेऊन कचेरीत जाऊ लागलो. गच्चीवर चौकट उन्हात उभी असे आणि तिच्या शेजारी हात पुढे धरून मी उभा असे. दोघेही वाळत. उरलेला डाग रात्री घरी, जेवणाआधी, कोनाड्यातल्या लिंबाने काढायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात हातांच्या पाठीवर फोड आले. आग इतकी की घास तोंडाशी नेता येईना. मग कातडी सोलवटून निघाली आणि खाली गुलाबी-पांढरे चट्टे उरले. काही पुढे काळे पडले, काही तसेच राहिले, आणि त्यांवर पुन्हा फोड आले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चष्मासुद्धा वर न करता, "खुजली है, मलहम लगाइए," म्हणून गंधकाचं मलम दिलं. वैद्यबुवांनी गुलकंद दिला. माधवगंजात जो भेटे तो वैद्यच निघे. माझा संशय कागदाच्या मसाल्यावर होता. काम बदलून द्या म्हणून मी तीन अर्ज केले. उत्तर आलं की मसाला लावणाऱ्या दुसऱ्या इसमाचे हात ठणठणीत आहेत. ते खरंच होतं. तो माणूस निळ्या हातांनी घरी जायचा आणि निळ्या हातांनी जेवायचा. एवढी ढळढळीत गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही, याचा मला अजून संताप येतो.

उन्हाचा संशय मी एकदा बोलून दाखवला होता. त्यावर वडिलांनी बिनतोड सवाल केला. "फोड तर दर वेळी रविवारी निकळतात. रविवारी तू घरात बसलेला असतो. मग ऊन कुठून आलं?" खरंच रविवारीच येत. उन्हाचा विषय मी सोडून दिला.

पुढच्या वर्षी पितृपक्षात वडिलांनी मला समोर बसवलं. "हातावर कोड असलेल्यानं मूर्तीला हात लावू नये. मी नाही म्हणत, शास्त्र म्हणतं."

"हे कोड नाही, बाबा."

"मग काय आहे ते सांग."

दसऱ्यापर्यंत थांबतो, असं ते म्हणाले. तोवर उलगडा झाला नाही तर त्या मुहूर्तावर पूजेचा नारळ, म्हणजे पूजेचा हक्कच, माझ्या चुलतभावाच्या हाती द्यायचा. चुलतभाऊ मनाने चांगला होता, पण त्याला पूजेची काडीची आवड नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कचेरीत नवा कागद आला. नव्या कागदाची परीक्षा ठरलेली असते. एक पट्टी घ्यायची, ती पुठ्ठ्याने झाकायची आणि मोजत मोजत थोडी थोडी उघडी करायची, म्हणजे कुठल्या भागाला किती ऊन लागलं ते कळतं. पट्टी आत आणली तेव्हा ती नुसती मळकट दिसत होती. पाण्यात घातल्यावर तिच्यावर निळ्या पायऱ्या उमटल्या. ऊन आपलं काम करून गेलेलं असतं, पण ते मागाहून दिसतं. हे मी रोज बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्या नजरेने हाताकडे बघितलं. शनिवारी तपासणी असे, म्हणून शुक्रवारी सर्वांत जास्त नकाशे निघत. म्हणजे रविवारचे फोड शुक्रवारच्या उन्हाचे. शुक्रवार ते रविवार, दोन दिवस.

मी पुठ्ठ्याला तीन रांगांत चौकोनी भोकं पाडली आणि तो डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, जिथे कातडी शाबूत होती तिथे बांधला. एक रांग कोरी ठेवली, एकीला मसाला लावला, एकीला लिंबू. मग प्रत्येक रांगेत एक भोक थोडा वेळ उघडं, दुसरं त्याहून जास्त, तिसरं सर्वांत जास्त, असं आकडे मोजत ऊन घेतलं आणि हात सोड्याने घासून धुतला.

दसऱ्याच्या सकाळी हात अगदी स्वच्छ होता. मी वडिलांना सगळं समजावून सांगितलं आणि म्हणालो, "उद्यापर्यंत थांबा. ऊन लागल्याला दोन दिवस झाले की इथे दिसेल."

त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. "इथे तर काहीच नाही. रिकाम्या हातावर मुहूर्त थांबवू?"

मी भांडलो, आवाज चढवला, सणाच्या दिवशी पानावरून उठलो. त्यांनी नारळ चुलतभावाला दिला.

त्याच रात्री लिंबाची रांग लाल झाली. दुसऱ्या दिवशी तिथे तीन चौकोनी फोड होते, लहान, मोठा आणि त्याहून मोठा. कोरी रांग जराशी रापली होती. मसाल्याची रांगही तेवढीच. म्हणजे दीड वर्ष मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो.

पुढे म्हातारपणी एका डॉक्टरीणबाईंनी मला याचं कारण सांगितलं. उन्हात जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. ते कातडीच्या पेशींना मारतात, आणि लिंबाच्या सालीतलं काहीतरी तो मार कितीतरी पटींनी वाढवतं. पण पेशी जागच्या जागी मरत नाहीत. मार आज बसतो आणि मरण दोन दिवसांनी येतं. कळलं, म्हणालो. दोन दिवसांचं मला वेगळं सांगायला नको होतं.

फोड आले त्या दिवशीच ते दाखवायला मी वडिलांकडे गेलो, तेव्हा ते चुलतभावाला संकल्प शिकवत होते. चुलतभाऊ माझा हात बघून म्हणाला, "अरे, मला तर पताच नव्हतं. तूच कर ना पूजा." वडिलांनी त्याला बोलू दिलं नाही. माझा हात गुडघ्यावर घेऊन त्यांनी तिन्ही फोड एकेक करून बघितले.

"लिंबू मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. मग माझा हात सोडून, "पण देवासमोर नारळ दिलाय."

त्या रात्री पानावर बसण्याआधी मी सवयीने लिंबू शोधलं, तर ते कोनाड्यात नव्हतं. वडिलांनी माझ्या निळ्या हातांवर स्वतः पाणी घातलं आणि म्हणाले, जेव. मी जेवलो. फोड पुन्हा कधी आले नाहीत.

देवळात मी रोज जात राहिलो. पूजा आटोपली की चुलतभाऊ खाली बघत तीर्थाची पळी घेऊन यायचा, आणि मी माझा निळा हात त्याच्यापुढे करायचो.