अळणी पापडी

सर गेल्याचा निरोप मला कळमेश्वरच्या कारखान्यात मिळाला. मी प्लास्टिकच्या पिशव्यांच्या यंत्रापुढेच उभा होतो. हात पुसून बाहेर आलो आणि डोळ्यांपुढे आली ती सरांच्या घराची गच्ची...

उमाठे सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काटोलच्या शाळेत परीक्षानळी फक्त चित्रात पाहिलेली. सरांनी ती हातात दिली, आणि माझ्याकडून फुटली तेव्हा न बोलता दुसरी दिली. त्यांच्या गल्लीतली एक गाय उकिरड्यावरच्या पिशव्या खाऊन तडफडत मेली होती. तेव्हापासून सरांना एकच ध्यास होता, गाईच्या पोटात वा मातीत गेली तरी विरघळेल अशी पिशवी. ज्वारीच्या सत्त्वाची खळ ग्लिसरीन घालून शिजवायची, थाळीत पातळ ओतायची, उन्हात वाळवायची. वाळला की पारदर्शक पापुद्रा सुटून यायचा. कॉलेजात ऊन नव्हतं, म्हणून थाळ्या सरांच्या घरच्या गच्चीवर, त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या वाळवणाशेजारी.

एका उन्हाळ्यात पापुद्रा पाण्यात टिकावा म्हणून सरांनी खळीत फॉर्मॅलिन घातलं. प्रयोगशाळेत मेलेले बेडूक ज्यात ठेवतात, तेच जहर. दुपारी आम्ही गच्चीवर गेलो, तर सरांची आई सावलीत बसून काही चघळत होती.

"तुही बायको मीठ विसरली गा," आजी म्हणाल्या. "अळणी पापडी. अन् दाताले चिकटून राह्यली."

सरांनी थाळी पाहिली. एका कडेचा पापुद्रा नव्हता. धंतोलीतल्या दवाखान्यापर्यंत रिक्षात ते आईचा हात धरून पुन्हा पुन्हा विचारत होते, "पोटात जळजळ होते का?"

"पोटात नाही. तुह्या बोलण्यानं होऊन राह्यली."

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. आजी बाकावर डुलक्या घेत होत्या. प्रत्येक डुलकीला सर त्यांच्या नाकापाशी बोट नेत. मी भिंतीला टेकून उभा होतो... आजींना काही झालं नाही.

सरांनी मात्र फॉर्मॅलिन कायमचं सोडलं. पुढे मी नोकरीला लागल्यावर त्यांचा पापुद्रा आमच्या साहेबांना दाखवला. "पावसात याची लापशी होईल," ते हसले. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "होऊ दे. आईनं खाल्लं तर मला पळावं लागू नये."

गेल्या आठवड्यात सरांच्या घरी जाऊन आलो. सरांच्या खोलीत खिडकीखाली एक थाळी होती, पापुद्रा कडांनी सुटत आलेला. आजी दारातच थांबल्या.

"हे खायचं व्हय का गा?"

गच्चीवरच्या त्या दुपारनंतर आजी समोर आलेल्या प्रत्येक ताटाला हेच विचारत, जेवणाच्याही. सर दर वेळी सांगत, "खा आई, काही नाही त्यात."

पिशवी पाण्यात टिकावी म्हणून शेवटी शेवटी सरांनी काही घालून पाहिलं असेल का? मला माहीत नव्हतं. मी थाळी उचलून वरच्या फळीवर ठेवली.

"थांबा आजी," म्हणालो.

त्या थांबल्या. अजून माझ्याकडे पाहत होत्या.